ओढायला चांगलं काय?

आमच्या लातूरच्या वाड्यात संध्याकाळी ओट्यावर बैठक जमायची. विषय ठरलेला, ओढायला चांगलं काय? एक जण विडीच्या बाजूचे, तीही किनवटकडच्या तेंदूपानाची. दुसरे म्हणत, चिलमीची सर कशालाच नाही. वडील मात्र पक्के चारमिनारवाले! हैदराबादच्या वजीर सुलतान कंपनीची ही बिनफिल्टरची कडक सिगारेट. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पण चारमिनार काही वडिलांच्या खिशातून गेली नाही.

तशी ही शिफारस जुनीच. १६०४-०५च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून तंबाखू घेऊन दरबारी गेला. हकीम नको म्हणत असताना बादशहाने झुरके घेतलेच. पुढे १६१७ साली जहांगीराने बंदी घातली, तीही टिकली नाही.

हा इतिहास मी वर्गात रंगवून सांगत असे. मुलं हसायची. पण ओट्यावरच्या एकाही जाणकाराने वडिलांच्या रात्रीच्या खोकल्याचा विषय कधी काढला नाही.

आणि मी तरी कुठे काढला? कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणून देणारा मीच होतो.