दात सोडून बाकी सगळं

गेल्या रविवारी न्यू जर्सीहून काकांचा कॉल आला. वय ७१, एडिसनला राहतात, मेडिकेअर आहे. दाढेचं रूट कॅनॉल आणि वर कॅप, बिल अडीच हजार डॉलरच्या पुढे. मेडिकेअर किती देणार? शून्य. काका वैतागलेले. "अरे, बायपासचे पैसे दिले की यांनी! मग दात काय माझ्या शरीरात नाहीत?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, बग कुठून आला ते बघू. तो निघाला थेट १९६५ मधला.

३० जुलै १९६५. मिसुरीतलं इंडिपेंडन्स गाव. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड दिलं माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना. पासष्टीपुढच्या लोकांसाठी सरकारी आरोग्य विमा! पण त्याच कायद्यात एक ओळ होती: दातांची निगा, दात भरणं, काढणं, नवे बसवणं, यांचे पैसे मिळणार नाहीत. चष्मा आणि कानाचं मशीनही बाहेर. रोख होता हॉस्पिटल आणि डॉक्टरांच्या मोठ्या बिलांवर. शिवाय दातांचं दुकान आधीपासूनच वेगळं. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं, तेव्हापासून डॉक्टर वेगळे, डेंटिस्ट वेगळे, विमाही वेगळा. लेगसी कोड म्हणतात तो हाच. एकाने 'इफ' टाकला, पुढच्यांनी हात लावला नाही.

म्हणजे लावायला गेले होते. २०२१ मध्ये बायडेन सरकारच्या मोठ्या विधेयकात दात घालायची चर्चा जोरात होती. खर्च प्रचंड. त्यात डेंटिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं, सरसकट नको, कमी उत्पन्नवाल्या ज्येष्ठांपुरतंच द्या. शेवटी दात गळाले. (सॉरी, राहवलं नाही.)

२०२३ पासून थोडी फट उघडली. हृदयाची झडप बदलायची किंवा अवयव प्रत्यारोपण करायचं असेल, तर त्याआधी तोंडातला संसर्ग शोधून बरा करायचे पैसे मेडिकेअर देतं. म्हणजे दात हृदयासाठी चालतो, चावण्यासाठी नाही!

मग उरतं काय? गरीब असाल तर मेडिकेड, पण मोठ्यांच्या दातांचं काय करायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. नाहीतर स्वतंत्र डेंटल पॉलिसी. नाहीतर खासगी कंपन्यांचे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन. जाहिरातीत हसरे आजी-आजोबा असतात. तपासणी, सफाई बऱ्याचदा फुकट. पण कॅपसारख्या कामात आपला वाटा असतो, वर वर्षाची मर्यादा. आणि डॉक्टर सहसा त्यांच्या नेटवर्कमधलाच.

काकांची अडचण तीच. बायपास केलेला डॉक्टर त्यांना सोडायचा नाहीये, आणि त्यांनी पाहिलेल्या प्लॅनच्या यादीत तो नाही. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. तोवर काका डाव्या बाजूने चावतायत.