मुलाला ल्युकेमिया झाल्यावर आई-वडिलांनी स्वतःला कसे सांभाळावे?

“तुमच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे” हे ऐकल्यानंतर डॉक्टर पुढे जे बोलतात, त्यातले बरेचसे आई-वडिलांच्या लक्षात राहत नाही. तुमचेही तसेच झाले असेल तर त्यात तुमची काही कमतरता नाही. मोठ्या धक्क्यात मेंदू नवी माहिती नीट साठवू शकत नाही. म्हणून तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. एक वही ठेवा, सुचेल तेव्हा प्रश्न लिहा आणि भेटीच्या वेळी घरातल्या आणखी एका माणसाला सोबत न्या.

लहान मुलांच्या कर्करोगांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तो बहुधा २ ते ५ वर्षे वयात दिसतो. प्रगत देशांत अशी सुमारे ९० टक्के मुले बरी होतात आणि आपल्याकडेही पूर्ण उपचार घेणारी बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. मात्र उपचार साधारण २ ते अडीच वर्षे चालतात. सुरुवातीचे महिने जड असतात, नंतर मुख्यतः घरी गोळ्या. एवढा काळ तुमचे मनही टिकले पाहिजे. पहिल्याच महिन्यात सगळी शक्ती संपवणारे पालक पुढे फार थकतात.

“आमचे काय चुकले?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, बऱ्याचदा रात्री आणि स्वतःलाच. त्याचे वैद्यकीय उत्तर असे: हाडांतील मगजात तयार होणाऱ्या एखाद्या अपरिपक्व पांढऱ्या पेशीच्या जनुकांत बदल होतो आणि ती पेशी अमर्याद वाढू लागते. बहुतेक मुलांमध्ये हा बदल योगायोगाने होतो. लस, पडणे, बाहेरचे खाणे, आईची नोकरी, गरोदरपणात पाहिलेले ग्रहण किंवा कोणाची नजर यांपैकी कशानेही तो होत नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही. भावंडांनी एकत्र खेळायला त्या कारणाने हरकत नाही.

“ताप येत होता, पाय दुखत होते, आम्ही पंधरा दिवस साधेच समजलो” ही दुसरी बोचणी. ही लक्षणे लहान मुलांच्या नेहमीच्या आजारांतही असतात, त्यामुळे सुरुवातीला डॉक्टरही साध्याच तापाचे औषध देतात. पुढे काय होणार हे मुख्यतः पेशींचा प्रकार, निदानाच्या वेळी त्यांची संख्या आणि पहिल्या उपचारांना मिळालेला प्रतिसाद यांवर ठरते.

अपराधी भावनेचा त्रास मनापुरता राहत नाही. घरात “तुमच्या घराण्यातूनच आले” अशी वाक्ये सुरू होतात आणि ती बहुतेक वेळा आईच्या वाट्याला येतात. आजी-आजोबांना समजावण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. त्यांना एकदा ओपीडीत घेऊन या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर बोलायला सांगा. हे काम आम्हा डॉक्टरांचेच आहे. याच भावनेपोटी काही घरांत गावठी औषधासाठी केमोथेरपी थांबवली जाते. प्रार्थना, नवस, अंगारा यांनी तुम्हाला धीर मिळत असेल तर जरूर करा. पण पोटात जाणारे कोणतेही वेगळे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि एकही मात्रा चुकवू नका.

पहिला महिना आणि बदललेले मूल

पहिल्या चार-पाच आठवड्यांत दिले जाणारे स्टेरॉइड मुलाचा स्वभाव पार बदलून टाकते. कालपर्यंत शांत असलेले मूल रात्री दोन वाजता वरण-भात मागते, मिळाला की ताट ढकलते, आईला मारते, तासन्‌तास रडते. चेहरा गोल होतो. “आमचे मूल हरवले” असे अनेक जण म्हणतात. हा औषधाचा परिणाम आहे. औषध बंद झाल्यावर चिडचिड काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरते. तोपर्यंत रात्रीची पाळी आलटून-पालटून घ्या. सलग पाच रात्री न झोपलेल्या माणसाचा आवाज चढतो, हे साहजिक आहे.

मुलाला काय सांगायचे?

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटते की आपण वाईट वागलो म्हणून आपल्याला सुया टोचतात. ते हे बोलून दाखवत नाही. म्हणून तुम्हीच सांगा: “तुझ्या रक्तात काही पेशी बिघडल्या आहेत. औषध त्यांना घालवणार आहे. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.” हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. “ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” ही धमकी घरातून कायमची काढून टाका. “दुखणार नाही” असेही म्हणू नका. “थोडं दुखेल, मी हात धरून बसेन” म्हणा. एकदा खोटे पडलात की पुढच्या प्रत्येक सुईला मूल झगडते.

मुलासमोर डोळ्यांत पाणी आले तर घाबरू नका. “मला वाईट वाटलं, आता बरं वाटतंय” एवढे पुरते. गावी राहिलेल्या मोठ्या भावंडालाही खरे कारण सांगा, नाहीतर ते आपल्या मनाने काहीतरी भयंकर रचते.

मुंबईत आई, गावी बाबा

उपचारासाठी मुंबईला टाटा मेमोरियलला आलेल्या कुटुंबांची ही नेहमीची फाळणी. फोनवर मग फक्त प्लेटलेट आणि पैसे हेच विषय उरतात. एकजण सतत बोलून मन मोकळे करतो, दुसरा कामात बुडून गप्प होतो. गप्प राहणाऱ्याला काळजी नाही असा अर्थ काढू नका. दिवसातला एक फोन रिपोर्टशिवायचा ठेवा. राहण्याची व खर्चाची सोय लाजेपोटी उशिरा विचारली जाते, तसे करू नका. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, रेल्वेची सवलत, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, सेंट ज्यूडची बालकेंद्रे यांची माहिती तिथे मिळते.

तापाची भीती

पांढऱ्या पेशी कमी असताना ताप धोकादायक असतो, म्हणून ही भीती खरी आहे. तिला नियमात बांधा. थर्मामीटर काखेत लावा, गुदद्वारात नको. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयाला फोन करून निघा. न विचारता पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. मुलाला थंडी वाजत असेल किंवा ते मलूल दिसत असेल तर ताप नसतानाही दाखवा. जवळचे रुग्णालय, गाडी आणि फाईलची जागा आधीच ठरलेली असली की दर तासाला कपाळाला हात लावून पाहण्याची गरज कमी होते.

मदत कधी घ्यावी?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक गेली, कशातच मन लागत नाही, अचानक छाती धडधडते, दारू वाढली, किंवा मुलाची औषधे देणेही जमेनासे झाले, तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. जगणे नको वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते.

दुसऱ्या वर्षी वेगळाच धोका असतो. मूल शाळेत जाऊ लागते, सगळे पूर्ववत वाटते आणि रोजची गोळी राहून जाऊ लागते. गोळ्या वरचेवर चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. थकवा आला असेल तर गोळीची जबाबदारी घरातल्या दुसऱ्याकडे द्या आणि कॅलेंडरवर खूण करा.

शेवटची गोळी झाल्यावर घरात पेढे वाटले जातात, आणि अनेक आया नेमक्या तेव्हा कोसळतात. दोन वर्षे रोखून धरलेले तेव्हा बाहेर येते. शिवाय औषधाचे संरक्षण गेल्यासारखे वाटते. उपचारानंतर आघाताची लक्षणे मुलांपेक्षा पालकांमध्ये जास्त दिसतात. त्या शेवटच्या भेटीतच पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि कोणती लक्षणे दिसली तर यायचे हे लिहून घ्या. तपासणीच्या आदल्या रात्री झोप न येणे पुढची काही वर्षे चालू राहू शकते. त्या दिवशी घरच्या कोणाला तरी सोबत न्या.