‘टोरी कॅनियन’चा अपघात आणि दोषाची वाटणी

एखादें मोठें संकट कोसळलें म्हणजे लोकांच्या तोंडीं पहिला प्रश्न येतो तो ‘हें कोणी केलें?’ हा. ‘हें कसें घडलें?’ हा प्रश्न त्याच्या मागून, आणि पुष्कळ वेळां फार उशिरां येतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका नांवांत संपतें. दुसऱ्याचें तसें संपत नाहीं. म्हणूनच समाजाला पहिला प्रश्न अधिक प्रिय असतो. १९६७ सालीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर जें तेलाचें अरिष्ट आलें, त्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे.

त्या वर्षीं १८ मार्च रोजीं सकाळीं नऊच्या सुमारास ‘टोरी कॅनियन’ नांवाची प्रचंड तेलवाहू बोट कॉर्नवॉलचें टोंक आणि सिली बेटें यांच्या दरम्यान असलेल्या सेव्हन स्टोन्स नांवाच्या खडकावर आदळली. बोटींत कुवेतहून आणलेलें सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें, आणि ती वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराकडे चालली होती. त्या रात्रीची भरती साधली नाहीं, तर एवढ्या खोल बुडणाऱ्या बोटीला पुढील मोठ्या भरतीसाठीं कांहीं दिवस बाहेर तिष्ठत राहावें लागलें असतें. वेळ वांचविण्यासाठीं कप्तान पास्त्रेंगो रुजियाती यांनीं बेटांना वळसा घालण्याऐवजीं मधला जवळचा मार्ग पत्करला. वाटेंत मासेमारीच्या होड्या आडव्या आल्या. आणि ऐन वेळीं सुकाणूं फिरवूं लागतांच तें फिरेना, कारण त्याची कळ हातानें चालविण्याच्या जागीं नव्हती. ती सारली जाईपर्यंत उशीर झाला होता.

ही बोट कोणाची, या साध्या प्रश्नाचें उत्तरहि साधें नव्हतें. ती बांधली अमेरिकेंत, वाढविली जपानांत. मालकी बर्म्युडांत नोंदलेल्या एका कंपनीची. ती दीर्घ मुदतीनें भाड्यानें घेतलेली अमेरिकेच्या युनियन ऑइल कंपनीनें. त्या सफरीपुरती वापरलेली ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीनें. निशाण लायबेरियाचें आणि खलाशी इटलीचे. नफ्याच्या वेळीं या प्रत्येकाचा वांटा स्पष्ट लिहिलेला होता. हानीच्या वेळीं मात्र कोणाचाच वांटा कोठें लिहिलेला सांपडेना.

साहजिकच लोकांचा रोख सरकारकडे वळला. बोट परकी होती, ब्रिटनच्या प्रादेशिक समुद्राबाहेर होती, आणि हॉलंडमधील एक कंपनी ती खडकावरून ओढून काढण्याच्या खटपटींत होती. म्हणून पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांचें सरकार तिच्यावर हात टाकण्यास कचरत होतें. त्या खटपटींत बोटीवर स्फोट होऊन सुटकेच्या कामावरील एका प्रमुखाचा बळी गेला. २६ मार्च रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, बोट दुभंगली आणि आशा संपली. पुढें २८ ते ३० मार्च असे तीन दिवस विमानांतून बाँब, रॉकेल आणि नापाम यांचा वर्षाव करून उरलेलें तेल जाळण्यांत आलें. आठवडाभर ‘सरकार झोंपलें आहे’ म्हणणारे लोकच आतां, हलतां न येणाऱ्या बोटीवरील नेम चुकतात म्हणून विमानदलाला हंसूं लागले. स्वतः विल्सन यांचें घर सिली बेटांवर होतें. परंतु त्यामुळें टीकेची धार बोथट झाली नाहीं.

किनाऱ्यावर तेल आलें तेव्हां लोकांना डोळ्यांनीं दिसेल असें कांहीं तरी करणें सरकारला भाग होतें. फौजेचे जवान, स्थानिक संस्था आणि स्वयंसेवक यांच्याकडून समुद्रावर व वाळूवर मिळून सुमारें १०,००० टन तेलविदारक रसायन ओतविण्यांत आलें. वाळू स्वच्छ दिसूं लागली. उन्हाळी पाहुण्यांवर ज्यांचें पोट होतें त्यांना दिलासा मिळाला. परंतु हीं रसायनें समुद्रांतील जीवांस तेलाहूनहि अधिक घातक होतीं. खडकांना चिकटून शेवाळ खाणारे शिंपलेधारी प्राणी त्यांनीं सरसकट मारले, आणि खाणारे उरले नाहींत म्हणून खडक हिरव्या शेवाळानें माखून गेले. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्रज्ञांनीं हें बारकाईनें नोंदविलें. जेथें केवळ तेल आलें होतें तेथील जीवसृष्टि दोन-तीन वर्षांत सांवरली. जेथें रसायन भरपूर ओतलें तेथें दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असा हा प्रकार झाला नाहीं. बंब बरोबर आगीवरच नेला, पण त्यांत पाणी नव्हतें! ‘कांहीं तरी करा’ या ओरडीचें हें फळ होतें, आणि त्याचा दोष एकट्या सरकारवर ढकलून मोकळें होतां येत नाहीं.

चौकशी लायबेरियाच्या मंडळानें केली, आणि ठपका एका माणसावर ठेवला: कप्तान रुजियाती. त्यांची सनद गेली. त्यांची चूक खरी होती. तिचें समर्थन कोणी करूं नये. परंतु भरतीची घाई, जवळ नसलेली त्या समुद्राची सविस्तर माहिती आणि बोटीचा अवाढव्य आकार, हीं त्या चुकीचीं भावंडें होतीं. त्यांना कोणी पिंजऱ्यांत उभें केलें नाहीं. आजारी पडून इस्पितळांत असतां छायाचित्रकारांना चुकविण्यासाठीं हा माणूस खाटेखालीं दडला, आणि तें चित्रहि वृत्तपत्रांत झळकलें.

बोटीच्या मालकांनीं मात्र अमेरिकेच्या न्यायालयांत जुन्या कायद्याचा आधार घेतला. बोटीपैकीं शिल्लक राहिली होती ती एक जीवनौका, किंमत ५० डॉलर. तेवढीच आपली जबाबदारी, असें त्यांचें म्हणणें! ब्रिटननें त्याच मालकांची दुसरी बोट ‘लेक पालूर्द’ सिंगापूर बंदरांत अडकविली, तेव्हां कोठें तडजोडीची भाषा सुरू झाली. १९६९ सालीं ३० लक्ष पौंडांची भरपाई ठरली आणि ती ब्रिटन व फ्रान्स यांनीं निम्मी-निम्मी वांटून घेतली, कारण तेल ब्रिटनीच्या किनाऱ्यावरहि पोंचलें होतें.

तथापि लोकांचा संताप व्यर्थ गेला असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच १९६९ सालीं ब्रुसेल्स येथें दोन आंतरराष्ट्रीय करार झाले. किनाऱ्यास धोका असेल तर खुल्या समुद्रांतहि परक्या बोटीवर उपाय योजण्याचा अधिकार एकानें किनारी राष्ट्रांस दिला. तेलानें होणाऱ्या हानीची जबाबदारी बोटीच्या मालकावर दुसऱ्यानें टाकली. १९७३ सालीं सागरी प्रदूषण रोखण्याचा व्यापक करार त्यांच्या जोडीस आला. विल्सन सरकार ज्या दोन अडचणींत सांपडलें होतें, त्यांचींच हीं उत्तरें होत.

जो संताप एक अपराधी सांपडतांच शमतो, तो एका कप्तानाचा संसार उध्वस्त करून थांबतो. जो संताप नांव सांपडल्यावरहि ‘हें कसें घडलें?’ असें विचारीत राहतो, तोच पुढील बोटीला खडकापासून दूर ठेवतो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर १९६७ सालीं दोन्ही प्रकारचे संताप होते; वाळूवर रसायन पहिल्यानें ओतलें, आणि ब्रुसेल्सचे करार दुसऱ्यानें घडविले.