न्यायाचे दार कोणते?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ साली मजूर-मालक संबंधांचा मध्यवर्ती कायदा झाला व त्याच्या अंमलासाठी राष्ट्रीय मंडळ नेमिले गेले. पुढे सॅन डिएगोतील एका लाकूड-व्यापाऱ्याच्या दारी कामगारसंघांनी पिकेटिंग आरंभिले. मंडळाने प्रकरण हाती घेतले नाही. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने मात्र व्यापाऱ्यास १,००० डॉलर भरपाई देवविली. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जे कृत्य मध्यवर्ती कायद्याच्या कक्षेत येण्याजोगे आहे, त्याचा निर्णय मंडळाकडेच असावा, असे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिले. देशभर नियम एक झाला खरा. परंतु मंडळाने नाकारलेल्या फिर्यादीस दारच उरले नाही. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून अशा फिर्यादींस संस्थानांची न्यायालये खुली केली. न्यायासनांची हद्द आखताना फिर्यादीची वाट बंद होऊ नये, हाच याचा बोध होय.