पावणेदोन सूत

महालातल्या आमच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक मिरजेचा तंबोरा उभा असतो. माझी पत्नी वारल्यापासून त्याची गवसणी क्वचितच निघे. यंदाच्या पावसाळ्यात ती नातवाने काढली, आणि पुढचा सारा उपद्व्याप तिथून सुरू झाला.

त्याने शिकवण्यांचे पैसे साठवून सीताबर्डीवरून एक बास गिटार आणली होती. दुकानातली सगळ्यांत स्वस्त. चार जाड तारा आणि रंग तर असा, की तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलालाच शोभावा! तंबोरा काळी चारला जुळवून, गिटारीची एक तार किंचित उतरवून तो वाजवायला बसला आणि घटकाभराने म्हणाला, "आबा, सा लागते, प बी लागते, हा ग काऊन बोचून राहिला?"

प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर मात्र बरेच मागे जाऊन शोधावे लागते.

पाश्चात्त्यांकडे खर्जाचे काम पूर्वी माणसाएवढ्या उंच, बिनपडद्यांच्या बासकडे असे. ती उचलून नेणे म्हणजे कपाट हलवण्यासारखेच. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 1951 मध्ये भरीव लाकडाची, विजेवर वाजणारी आणि धातूचे पडदे ठोकलेली बास बाजारात आणली. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाद्याचे नाव त्याने 'प्रिसिजन' ठेवले, म्हणजे नेमकेपणा; बोट थोडे इकडेतिकडे पडले तरी स्वर पडद्यावर नेमका निघणार. 34 इंचांच्या तारेवर पहिला पडदा 1.9 इंचांवर, बारावा बरोबर 17 इंचांवर. हिशेब चोख, पण तो सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याचा हिशेब आहे. दोन लगतच्या स्वरांतल्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर त्यातला गांधार तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चौदा भाग चढा पडतो. नातवाला बोचत होते ते हेच.

आपल्याकडे हे भांडण पेटीशी फार दिवस चालले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतिहार्मोनियमचा खटाटोप केला. 1940 मध्ये तर आकाशवाणीने पेटीला बंदीच घातली, आणि ती 1971 पर्यंत टिकली. नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. त्यामुळे माझ्या लहानपणी घरात आत्याची पेटी आणि रेडिओवर सारंगी, अशी फारकत होती. मला ती बंदी आजही अतिरेकी वाटते. आत्याच्या पेटीने आमचे कित्येक गणपती गाजवले आहेत. पण तक्रार खोटी नव्हती.

मिरजेच्या कारागिरांनी हा तंटा फार पूर्वीच निराळ्या रीतीने मिटवला होता. शस्त्रे घडवणारे हे शिकलगार. फरीदसाहेबांपासून, सुमारे 1850 च्या आसपास, ते तंतुवाद्यांकडे वळले. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते सरकवावेत. तंबोऱ्याला तर पडदेच नाहीत.

"मग उपटून टाकू काय?" नातवाने विचारले. माझा जीव वरखाली झाला. त्याची वर्षभराची कमाई होती ती, आणि एकदा उपटलेले पडदे पुन्हा धड बसतीलच असे नाही. पण दाखले पाहिले तर धीर येई. रोलिंग स्टोन्समधल्या बिल वायमनने 1961 मध्ये अशीच एक स्वस्त बास घेऊन, करवतीने तिचा आकार छाटून, नवे बसवण्याच्या इराद्याने पडदे काढले. आवाज इतका आवडला की नवे बसवलेच नाहीत. जॅको पास्टोरियसच्या बिनपडद्यांच्या बासची कीर्ती तर जगभर झाली.

शेवटी मीच होकार दिला. पहिला पडदा आम्ही थंडाच ओढला, तशी लाकडाची कपची उडाली. पोराचा चेहरा पाहवेना. नंतर शेजारच्या सुतारकाकांनी युक्ती सांगितली: डाख द्यायच्या तापल्या सळईने पडदा आधी गरम करावा, मग पक्कडीने हलके हलके वर घ्यावा. उरलेले पडदे तसे निघाले. खाचांत फिकट लाकडाच्या पट्ट्या सरसाने बसवून घासल्या. काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघा राहिल्या, खूण म्हणून. पडद्यांची उंची गेल्याने तारा फार वर राहिल्या. तेव्हा टोकाकडच्या मेरूच्या खाचा कानसून खोल केल्या. साध्या वेटोळ्याच्या तारा लाकूड कुरतडतात, म्हणून चपट्या वेटोळ्याच्या आणल्या. त्या गिटारीच्या मानाने भलत्याच महाग निघाल्या.

कोजागिरीच्या रात्री तंबोरा मी छेडला. पुष्कळ दिवसांनी. नातवाने चौथ्या रेघेवर बोट ठेवले; गांधार तसाच बोचला. मग त्याने ते हळूहळू मेरूकडे सरकवले. एका जागी तंबोरा आणि बास यांचा मिळून एकच आवाज झाला. आतून सून दूध आटवायचे सोडून दारात आली. मी फुटपट्टी लावून पाहिली: रेघेच्या अलीकडे, सुताराच्या भाषेत, पावणेदोन सूत.

"आबा, इथे खूण करू का पेन्सिलीने?"

"नको," मी म्हणालो, "तुझी आजी खुणेशिवायच लावायची."