शेफील्डची नियमवही : एका हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास

इंग्लंडच्या उत्तर भागातील शेफील्ड हे पोलादाचे गाव. चाकू, सुऱ्या, कात्र्या आणि चांदीचा मुलामा दिलेली भांडी यांसाठी ते जगभर प्रसिद्ध होते. माझ्या वयाच्या मंडळींनी ‘शेफील्ड’ अशी अक्षरे कोरलेला वस्तरा किंवा सुरी कोणाच्या तरी घरी नक्कीच पाहिली असेल. याच गावात 24 ऑक्टोबर 1857 रोजी एका फुटबॉल क्लबची स्थापना झाली. सन 1857 म्हटले की आपल्या मनात निराळीच चित्रे उभी राहतात. दिल्ली नुकतीच इंग्रजांच्या हाती परत गेली होती आणि लखनौचा वेढा अद्याप संपला नव्हता. त्याच दिवसांत तिकडे काही तरुण हिवाळ्यात अंग मोकळे राहावे म्हणून चेंडू लाथाडण्याची व्यवस्था लावीत होते. शेफील्ड फुटबॉल क्लब हे त्या मंडळाचे नाव, आणि आज अस्तित्वात असलेल्या फुटबॉल क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो.

‘सर्वांत जुना’ हे विशेषण इतिहासाच्या अभ्यासकाने जपून वापरावे. एडिंबरो येथे 1824 साली फुटबॉलचे एक मंडळ निघाले होते, परंतु ते 1841 च्या सुमारास लयाला गेले आणि त्याचा खेळही निराळा होता. चेंडू लाथाडण्याचा धांगडधिंगा तर इंग्लंडात कित्येक शतकांपासून चालत आला होता. तेव्हा शेफील्डकरांनी खेळ शोधला असे कोणी म्हणू नये. त्यांनी केले ते वेगळेच काम होते, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे होते. त्यांनी खेळ लिहून काढला.

शाळेच्या स्मृतिव्याख्यानात फुटबॉल क्लबची कथा कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास तिचे उत्तर येथेच आहे. ही कथा शाळांतूनच सुरू होते. ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर या नामांकित शाळांत प्रत्येकीचा फुटबॉल वेगळा होता. रग्बी शाळेत चेंडू हाती घेऊन धावता येई, ईटनला तो पायानेच पुढे न्यावा लागे. एका शाळेचा विद्यार्थी दुसऱ्या शाळेच्या विद्यार्थ्याशी खेळू लागला की पहिला अर्धा वेळ वादातच जाई. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये समान नियम करून पाहिले, पण ते विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे फारसे पोचले नाहीत.

शेफील्डच्या क्लबचे दोन प्रवर्तक म्हणजे नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट. क्रेसविक वकील होते, प्रेस्ट मद्याचे व्यापारी. दोघेही क्रिकेटपटू. क्लबच्या सभासदांत गावातील कॉलेजिएट स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा भरणा होता. अध्यक्षपदी फ्रेडरिक वॉर्ड यांची निवड झाली, आणि क्लबचे पहिले कार्यालय होते बागेतील रोपे ठेवण्याची एक काचेची खोली! शेजारचे शेत हेच मैदान. एका खेळाच्या मंडळातून दुसरा खेळ उगवावा ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकून परगावचा मनुष्य लाल मातीची कल्पना करतो, आणि प्रत्यक्षात त्या नावांचे फुटबॉल संघ मैदानात उतरलेले पाहून चकित होतो.

ऑक्टोबर 1858 मध्ये क्लबच्या सभेने नियम मंजूर केले. सभावृत्ताच्या वहीत ते हाताने लिहिलेले आहेत आणि पुढील वर्षी, 1859 मध्ये, ते छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. नियम अवघे अकरा. मी आयुष्यभर भाषा शिकवली, म्हणून या नियमांकडे मी गद्याचा नमुना म्हणूनही पाहतो. शब्द मोजके, अर्थ निःसंदिग्ध. हाताने ढकलणे चालेल, मात्र नडगीवर लाथ मारणे किंवा पाय घालून पाडणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. कोणाला धरून ठेवू नये, ओढून पाडू नये. चेंडू हाताने ढकलावा किंवा टोलवावा, पण धरून ठेवू नये, फक्त अधांतरी झेललेल्या चेंडूवर मोकळी लाथ मिळेल. गोल लाथेनेच झाला पाहिजे. शेवटचा नियम मला विशेष आवडतो : प्रत्येक खेळाडूने एक लाल आणि एक गडद निळी अशा दोन फ्लॅनेलच्या टोप्या स्वतः आणाव्यात, एका बाजूने एक रंग घालावा. संघ कायमचे ठरलेले नव्हते हे यावरून कळते. आरंभी खेळायला दुसरा क्लबच नसल्याने सभासद आपसांतच विभागून खेळत, कधी विवाहित विरुद्ध अविवाहित असेही!

आजच्या वाचकाला यात एक गोष्ट खटकेल. ऑफसाइडचा नियम त्या अकरांत नाही. गोलापाशी कोणी खुशाल उभे राहावे आणि चेंडूची वाट पाहावी.

आपल्या बडोद्याच्या रहिवाशांना नियम लिहिण्याचे मोल वेगळे सांगायला नको. हुतूतू गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळला जात होता. त्याचे नियम 1923 साली हिंदविजय जिमखान्याने येथूनच प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार येथे अखिल भारतीय स्पर्धा भरवली. पुढे कबड्डीने जे रूप घेतले त्याच्या मुळाशी असे काही कागद आहेत.

शेफील्डला पहिला परका प्रतिस्पर्धी मिळाला तो 1860 मध्ये. जवळच्या वस्तीत हॅलम क्लब निघाला आणि 26 डिसेंबर 1860 रोजी सँडीगेट येथे दोघांचा सामना झाला. शेफील्डने तो दोन गोलांनी जिंकला. दोन क्लबांमधील हा पहिला सामना समजला जातो आणि सँडीगेटचे मैदान आजही खेळात आहे. पुढील एक सामना, 29 डिसेंबर 1862 चा, ब्रॅमल लेनवर झाला. त्यात गोल एकही झाला नाही, मारामारी मात्र झाली, आणि तीत खुद्द क्रेसविक होते. नियम लिहिणाऱ्या वकिलालाच बुक्के खावे लागले! हा सामना लँकेशरच्या बेकार कामगारांच्या मदतीसाठी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला आणि तेथील गिरण्या बंद पडल्या. त्याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आणला, हे आपण शाळेत वाचले आहे. लँकेशरची उपासमार आणि मुंबईची श्रीमंती एकाच कारणाची दोन टोके होती.

1863 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. शेफील्डने नोव्हेंबरात सभासदत्व पत्करले. त्या वेळी लंडनच्या मसुद्यात चेंडू घेऊन धावण्याची आणि नडगीवर लाथ मारण्याची मुभा होती. क्लबचे चिटणीस विल्यम चेस्टरमन यांनी पत्र लिहून हरकत घेतली. असली कलमे फुटबॉलच्या विरुद्ध असून कुस्तीला अधिक जवळची आहेत, असा त्यांचा आशय होता. ती कलमे अखेरीस गळाली. लंडनमधील वादाचा त्यात मोठा वाटा होता, पण शेफील्डचे मतही त्याच बाजूला होते. तरीही शेफील्डने आपले नियम सोडले नाहीत. 31 मार्च 1866 रोजी बॅटर्सी पार्कवर लंडन विरुद्ध शेफील्ड असा सामना लंडनच्या नियमांनी खेळला गेला आणि शेफील्ड हरले. मैदानावर हरले, कागदावर मात्र जिंकत गेले. कॉर्नर किक ही शेफील्डची रीत, ती लंडनने 1872 मध्ये उचलली. 1877 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड होऊन एकच नियमसंहिता मान्य झाली. शेफील्डचे नियम त्या दिवसापासून संपले, कारण ते सर्वांचे झाले होते.

यानंतरची कथा उतरणीची आहे. 1885 मध्ये इंग्लंडात धंदेवाईक खेळाला मान्यता मिळाली. गिरण्या-कारखान्यांच्या गावांतील क्लब खेळाडूंना वेतन देऊ लागले. शेफील्ड क्लबने ते नाकारले. वकील-व्यापाऱ्यांना वेतनावाचून खेळणे परवडते, भट्टीवर राबणाऱ्याला शनिवारची मजुरी बुडवून परवडत नाही. म्हणून या हौशीपणाकडे मी केवळ तत्त्वनिष्ठा म्हणून पाहू शकत नाही, त्यात वर्गाचा अभिमानही होता. परिणाम व्हायचा तोच झाला. त्याच गावातले वेन्सडे आणि युनायटेड हे क्लब मोठे झाले, जुना क्लब मागे पडला. हौशी संघांसाठी वेगळा चषक असावा ही सूचना शेफील्ड क्लबचीच. ती स्पर्धा 1893 मध्ये सुरू झाली आणि 1904 साली त्यांनी ईलिंगचा 3-1 असा पराभव करून ती जिंकली. क्लबच्या दीर्घ आयुष्यातील मोठे म्हणावे असे विजेतेपद हे एकच. 1977 मध्ये खालच्या श्रेणीतील क्लबांच्या ‘एफ. ए. व्हाज’ स्पर्धेची अंतिम फेरी त्यांनी गाठली, पण बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात बिलरिकीकडून हार पत्करली.

या सर्व काळात क्लबला स्वतःचे मैदान नव्हते. भाड्याच्या जागा बदलत तो 2001 मध्ये ड्रॉनफील्ड येथे स्थिरावला, आणि हे गाव शेफील्डमध्ये नाही, शेजारच्या डर्बीशर परगण्यात आहे. ज्याच्या नावात शेफील्ड आहे त्याला शेफील्डमध्ये जागा मिळाली नाही! सन्मान मात्र मिळत गेले. 2004 मध्ये फिफाने त्याला गौरवचिन्ह दिले. क्लबांपैकी हे चिन्ह मिळालेला दुसरा क्लब रेआल माद्रिद. 2007 मध्ये दीडशे वर्षे झाली तेव्हा मिलानचा इंटर संघ खेळायला आला, पेले पाहायला आले. शेफील्डने 2-5 अशी हार पत्करली आणि उत्सव आनंदात पार पडला.

सन्मानाने मैदान विकत घेता येत नाही. 2011 च्या जुलैमध्ये क्लबने लंडनच्या सदबीज लिलावगृहात आपले दप्तर विक्रीस काढले. त्यात हाताने लिहिलेली सभावृत्ते होती आणि 1859 च्या पुस्तिकेची एकुलती एक ज्ञात प्रत होती. 8,81,250 पौंड किंमत आली, घेणाऱ्याचे नाव जाहीर झाले नाही. क्लबचा भावी खर्च आणि सोयीसुविधा यांसाठी पैसा हवा होता. पुष्कळांनी क्लबला दोष दिला. मला तो देववत नाही. वही कपाटात आणि मुले भाड्याच्या चिखलात, असा पेच कोणत्याही विश्वस्तावर येऊ नये. परंतु माझे मन त्या वहीपाशी रेंगाळते. ती जेथे लिहिली गेली त्या गावातून ती गेली.

आपल्या गावातील आखाडे, तालमी, क्रीडामंडळे यांच्याही वह्या असतील. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत 1923 च्या त्या हुतूतूच्या नियमांची पुस्तिका किंवा एखाद्या मंडळाच्या सभांचे वृत्त असल्यास त्याची एक छायाप्रत शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. मूळ प्रत घरीच राहू द्यावी.