बाळाचे दात आणि जुलाबांचा गैरसमज
बाळाला साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दात येऊ लागतात. तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. या काळात हिरड्या सुजतात, लाळ गळते. स्वच्छ बोटाने हिरड्या हलकेच चोळाव्यात किंवा थंड, ओले फडके चावण्यास द्यावे. बेन्झोकेनयुक्त जेल लावू नये. त्याने रक्तातील प्राणवायूचे वहन घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला.

तीव्र ताप, जुलाब दातांमुळेच होतात, हा समज घातक आहे. याच वयात बाळ हाती येईल ते तोंडात घालते व त्यातून जंतुसंसर्ग होतो. जुलाब झाल्यास स्तनपान सुरू ठेवावे, जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.